सहकुटुंब, सहपरिवार

मागच्या उन्हाळ्यात अमळनेरला आमच्या दादाच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. दादा म्हणजे माझा आत्येभाऊ, सुरतेला असतो. लॉन्सवरचं लग्न, दुपारचा मुहूर्त, कुलर नुसते आवाज करत होते आणि मांडवातल्या लोखंडी खुर्चीला हात लावला तरी चटका बसत होता. मंगलाष्टकं संपली तशा नवरीच्या बहिणी-मैत्रिणींनी नवरदेवाचे जोडे पळवले. सूत्रसंचालन करणारा मुलगा माईकवरून म्हणाला, "आणि आता आपल्या पूर्वापार चालत आलेल्या परंपरेनुसार, जूता चुराई!" डीजेवाल्याने लगेच गाणं लावलं. कोणतं, हे सांगायला नकोच. पोरी नाचल्या, मोबाइल वर झाले, रकमेवरून घासाघीस झाली. पहिल्या रांगेत माझी फुई बसली होती, दादाची आई. तिच्या मांडीला टेकून नात्यातली एक लहान मुलगी उभी होती. तिने विचारलं, "आजी, तुझ्या लग्नात कोणी चोरले होते जोडे?" फुई म्हणाली, "मन्हा लगीनमा जोडाच कोठे व्हता, माय."

मुलगी हसून पळाली. फुई पुन्हा स्टेजकडे बघायला लागली. मी मात्र त्या दिवसापासून त्या एका वाक्याशी अडून राहिले आहे.

कारण ही पूर्वापार परंपरा आमच्याकडे कधी आली, कुठल्या रस्त्याने आली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या लग्नांत जोडे कोणी चोरत नसे. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्याबद्दल त्याला टोपी, टॉवेल, फार तर शर्टाचं कापड मिळायचं. हळद लावताना बाया गाणी म्हणायच्या. विहिणींची पंगत बसली की गाण्यांतूनच त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि विहिणीही तोंडात घास असताना मान वर करून तेवढ्याच तयारीचं उत्तर द्यायच्या. 1994 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत 'हम आपके हैं कौन' लागला, जोडे पळवण्याचं ते गाणं त्यातलंच. आमच्या तालुक्याच्या टॉकीजला पेटी यायला वेळ लागायचा. तोवर मोठ्या शहरांतून येणारे पाहुणे तो सिनेमा तोंडीच सांगायचे, पूर्ण, गाण्यांच्या जागांसकट. आमच्या घरच्या बायांनी तो पाहिला 1995 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मी तेव्हा नववीची परीक्षा देऊन बसले होते.

आखाजीला खान्देशातल्या लेकी माहेरी येतात. कडुनिंबाला झोके बांधलेले असतात, देवळीत गौराई, पाण्याने भरलेल्या घागरीवर ठेवलेलं डांगर, आणि घरभर आमरस आणि खापरावरच्या मांड्यांचा वास. सालदारांचं वर्ष त्याच दिवशी संपतं आणि त्याच दिवशी सुरू होतं. पुरुष पत्ते खेळतात. सकाळी पारावर नाहीतर कोणाच्या खळ्यात बसले की जेवायलाही उठत नाहीत. त्या दिवसांत बाईने काही मागितलं तर पानांवरून नजर न काढता 'जा' म्हणून मिळायचं. आमची आई वर्षभर काही मागायची नाही, पण आखाजीला तिच्या नणंदा आल्या की तिच्याही अंगात बळ यायचं. त्या वर्षी दादाही सुरतेहून आला होता. त्याने सिनेमा तिकडेच पाहिला होता. त्याने ओट्यावरून जाहीर केलं की गल्लीतल्या ज्या कोणाला यायचंय त्या सगळ्यांना तो पिच्चर दाखवणार. पत्त्यांच्या डावातून माझ्या वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "घरच्यांसोबत पाहण्यासारखा आहे ना?"

हा प्रश्न त्या दशकातल्या प्रत्येक मुलीने ऐकलाय. सिनेमाची जाहिरात करायला रिक्षा फिरायची, मागे पोस्टर, वर कर्णा. त्या कर्ण्यातून 'सहकुटुंब, सहपरिवार पाहावा असा' हे शब्द आले की आमच्या जिवात जीव यायचा. भावांना असलं काही लागत नसे. ते कॉलेजच्या निमित्ताने जळगावला जायचे आणि नटवरला, राजकमलला काय लागलंय ते आम्हाला येऊन ऐटीत सांगायचे. 'कयामत से कयामत तक' त्यांनी पाहिला, 'जो जीता वही सिकंदर' पाहिला. तरुण पोरापोरींचे सिनेमे होते ते, आणि ज्या वयाच्या मुलींच्या गोष्टी त्यांत होत्या त्या वयाच्या मुलींनीच ते बघायचे नव्हते. घरातल्या मोठ्या बायांचा सिनेमा आला तरच त्यांचा पदर धरून आम्ही टॉकीजपर्यंत पोचायचो. 1991 साली 'माहेरची साडी' आला तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतून ट्रॅक्टर भरभरून बाया आल्या होत्या आणि मी त्यांच्यात आईच्या मांडीवर अर्धी बसून होते. अलका कुबल रडल्या की अख्खं टॉकीज नाक ओढायचं. मला रडू येत नव्हतं, पण टॉकीजमधला तो अंधार मला फार आवडला होता. त्या अंधारात आई मला कुठलीच कामं सांगत नव्हती.

'जो जीता वही सिकंदर' मी पुढे गणपतीत पाहिला, तोही पडद्याच्या मागून. मंडळाने गल्लीच्या आडवा पांढरा पडदा बांधला होता. समोरच्या बाजूला पुरुष आणि पोरं, मागच्या बाजूला बाया आणि पोरी. मागून सगळं उलटं दिसायचं. नावं उलटी, दुकानांच्या पाट्या उलट्या, सगळी माणसं डावरी. शेवटची सायकल शर्यत आमच्या बाजूला भलत्याच दिशेने गेली. पडद्याच्या शिवणीवरून आमिर खान गेला की त्याचा चेहरा क्षणभर मोडायचा आणि पुन्हा जुळायचा. मला मात्र त्यातली अंजली आवडली, आयेशा झुल्काची. गॅरेजमध्ये वावरणारी, सायकलीला बिनधास्त हात घालणारी. मी तेव्हा भावाची जुनी सायकल दामटत शाळेत जायची आणि चेन पडली की हात काळे करून बसवायची. घरी त्या काळ्या हातांवरून बोलणी बसायची. पडद्यावर तसलेच हात असलेली मुलगी कोणाच्या तरी जिंकण्यामागे उभी आहे, हे पाहून मला आतून एकदम भरून आलं होतं. बऱ्याच वर्षांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला आणि शर्यत दुसऱ्या दिशेने जाताना दिसली, तेव्हा मला तो खोटा वाटला. माझ्या डोक्यात ती शर्यत अजून उजवीकडून डावीकडेच जाते.

तर, आखाजीचा तो दिवस. सहा ते नऊचा खेळ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोणपाटं अंथरलेली, त्यावर गोधड्या, त्यावर बाया आणि आम्ही. ऊन उतरलं होतं तरी पत्रा तापलेला होता आणि गोधडीतून मांड्यांना जाणवत होता. फुईने सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेतला होता, आईने पाण्याची कळशी. टॉकीजच्या बाहेर पाणी मारलं होतं, त्या ओल्या मातीचा वास, शेंगदाण्यांचा वास, लघवीचा वास आणि बायांच्या डोक्यातल्या मोगऱ्याचा वास, असं सगळं एकत्र होतं. आत गेल्यावर फुईने चपला काढून खुर्चीखाली ठेवल्या आणि मांडी घालून बसली. वरचे पंखे हलत होते की नाही ते कळत नव्हतं. पडद्यावर माणसं एकामागून एक येऊ लागली आणि बाया त्यांना ओळखू लागल्या. माधुरी दीक्षित, ती तर आपलीच. तिची थोरली बहीण पूजा म्हणजे रेणुका शहाणे, आई रीमा लागू. आणि घरातला नोकर लल्लू म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे आला तेव्हा सलमान खानला पडल्या नसतील एवढ्या शिट्ट्या पडल्या. आपला लक्ष्या! शनिवारच्या मराठी सिनेमात जो हिरो असायचा तो इथे ट्रे घेऊन फिरतोय, याचं आईला वाईट वाटलं. परतीच्या वाटेवर तिने ते दोनदा बोलून दाखवलं.

एवढी सगळी आपली माणसं, आणि घर मात्र कुठलंसं. तसा जिना आम्ही पाहिला नव्हता. घरातल्या थोरल्यांसमोर दीर-भावजय असे हसतखिदळत बोलतात हेही पाहिलं नव्हतं. कापूस नाही, गुरं नाहीत, कोणावर सोसायटीचं कर्ज नाही, सासू ही वस्तूच त्या घरात नाही. टोचून बोलायला एक मामी तेवढी होती, बिंदूची. बाया तिच्यावर खूश होत्या, कारण ती एकटीच ओळखीची वाटत होती. तरी चौदा गाणी संपेपर्यंत कोणी हललं नाही. क्रिकेटच्या डावात कुत्रा पंच झाला तेव्हा माझी आई पदर तोंडात धरून हसली. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ती अंधारात होती, शेजारी नणंदा होत्या, आणि तिला कोणी बघत नव्हतं.

मग पूजा जिन्यावरून पडली.

आज मुलांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण टॉकीजमध्ये मयताच्या घरी उठतो तसा आवाज उठला. "मरी गयी व माय!" असं कोणी मोठ्याने म्हटलं, आणि मागून दुसरीने, तिसरीने. आमच्याकडे बाया मेलेल्या माणसाचे गुण सांगत सुरात रडतात. तो सूर मी त्या दिवशी सिनेमासाठी ऐकला. फुईही रडत होती. पुढे घरातली मोठी माणसं विचार करतात, तान्ह्या पोराचं काय, आणि ठरवतात की धाकटीच त्या घरात द्यावी. त्या धाकटीला, निशाला, सुरुवातीला वाटतं की आपलं लग्न पूजाच्या दिराशी, प्रेमशीच ठरलंय. खरं काय ते तिला छापील पत्रिका हातात आल्यावर कळतं. इथे टॉकीजमधल्या बाया पुन्हा रडायला लागल्या. फुईचं रडणं मात्र थांबलं होतं. मी तिच्या शेजारी होते. तिने सांजोऱ्यांच्या डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. पडद्यावरचा उजेड बदलला की डब्यावर तिची बोटं दिसायची, नखांपाशी पांढरी पडलेली.

फुई ही दादाची सख्खी आई नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी बोलत नसे, त्यामुळे मलाही ते माहीत असून ध्यानात नव्हतं. थोरली फुई ज्वराने गेली तेव्हा दादा रांगत होता. दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून तोच विचार केला जो सिनेमातल्या मोठ्यांनी केला, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि वर्षाच्या आत धाकटीला त्याच घरी दिलं. ती चौदा-पंधरा वर्षांची होती. मांडव नव्हता, वाजंत्री नव्हती, दारात चार माणसं आणि हार. माझे वडील या दोघींचे भाऊ. थोरलीच्या लग्नात ते एवढे लहान होते की कान पिळायला त्यांना कोणीतरी उचलून धरलं होतं. धाकटीच्या लग्नात त्यांचा हात सहज पोचत होता. समोर तेच दाजी, तोच कान. वडिलांनी कान पिळला नाही. हातात टोपी दिली ती घेतली आणि मागे जाऊन उभे राहिले. हे मला आईने सांगितलं, वडील गेल्यानंतर.

दाजी वाईट नव्हते. हे मला लिहायलाच हवं, कारण ही कोणाला आरोपी करण्याची गोष्ट नाही. ते फुईशी मोठ्या आवाजात बोलले नाहीत, तिला शेतात राबवलं नाही, आणि दादावर तिने जीव टाकला तसा स्वतःच्या दोन मुलींवरही टाकला नसेल. दादाचंही तसंच. कमवायला लागल्यावर त्याची पहिली साडी फुईला, पहिलं सोनं फुईला. त्या आखाजीला सुरतेहून त्याने आईसाठी जी पिशवी आणली होती, त्यात माधुरीच्या त्या प्रसिद्ध जांभळ्या साडीसारखी जांभळी साडी होती. आणि ज्या सिनेमात त्याच्यासारख्याच एका बाळासाठी त्याच्या मावशीसारखी एक मुलगी दिली जाणार होती, तो सिनेमा आईला दाखवायला त्यानेच ट्रॉली सांगितली होती. त्याला हे सुचलं नसेल का? मी त्याला कधी विचारलं नाही. तो आमच्या मागच्या रांगेत बसला होता.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. निशा प्रेमसाठी चिठ्ठी लिहिते, पूजाने दिलेल्या हारासोबत ती टफी कुत्र्याच्या हवाली करते, लल्लू कृष्णासमोर हात जोडतो, आणि कुत्रा चिठ्ठी घेऊन जातो ती थेट पूजाच्या नवऱ्याकडे, राजेशकडे. राजेश वाचतो आणि भरल्या मांडवात लग्न थांबवतो. टॉकीज उठून उभं राहिलं. पैसे उडाले, शिट्ट्या, पडद्यापाशी पोरं नाचायला लागली. माझी आई हात जोडून बसली होती. फुईने डबा उघडला, एक सांजोरी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "बरं झायं." तिच्या आवाजात इतका मोकळेपणा होता की मला तेव्हा काही खटकलंच नाही.

ती जांभळी साडी फुई त्या दिवाळीला नेसली. तोवर आमच्या गल्लीत तशा साड्या घरोघरी झाल्या होत्या. सुरत आमच्यासाठी मुंबईपेक्षा जवळचं शहर. प्रत्येक घरातलं कोणीतरी उधन्याला, लिंबायतला, कोणी मागावर, कोणी कापड बाजारात. पडद्यावर काही आलं की त्याची नक्कल आठवडाभरात ताप्ती लाईनच्या पॅसेंजरमध्ये बसून अमळनेरच्या स्टेशनवर उतरायची. टिकल्या लावलेलं पोलकं, मण्यांची किनार. एचएमव्हीची कॅसेटही तशीच आली. आमच्या टेपमध्ये ती गुंतायची, मग पेन घालून फिरवायची. फिरवून फिरवून एका गाण्याच्या मधोमध कायमची एक गचकी बसली. आजही ते गाणं कुठे लागलं की त्या जागी माझा श्वास अडतो आणि गाणं मात्र न अडता पुढे जातं.

आणि जोडे. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. आम्ही पोरींनी महिनाभर आधी ठरवून ठेवलं होतं. नवरदेव चौरंगावर बसला तसे जोडे उचलले आणि कणगीमागे ठेवले. पण वऱ्हाड तापीकाठच्या आतल्या खेड्यातलं. त्यांच्यातल्या मोठ्या माणसांना हा प्रकार ठाऊकच नव्हता. त्यांना वाटलं, खरंच चोरी झाली. नवरदेवाचा चुलता मांडवात उभा राहून विचारायला लागला की पाहुण्यांच्या घरी ही रीत आहे का. कोणी भल्या माणसाने स्वतःच्या चपला काढून नवरदेवासमोर ठेवल्या. तेव्हा नवरदेव हसायला लागला. त्याने सिनेमा पाहिला होता. त्याने 51 रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि चुलत्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी पुरुषांनी भरलेल्या मांडवात मोठ्या आवाजात बोलले होते, पैसे मागितले होते, हटून बसले होते. कोणी मला गप्प केलं नाही. हे मी विसरू शकत नाही आणि विसरायचंही नाही.

पण त्याच लग्नात विहिणींच्या पंगतीला गाणी झाली नाहीत. टेप चालू होता. म्हाताऱ्या बायांनी एकदोनदा सूर धरला, पण टेपपुढे तो पोचला नाही आणि त्या जेवायला बसल्या. पुढे मेंदीचा वेगळा दिवस आला, संगीत आलं, हळदीला पिवळे कपडे आले. फुईला ती जुनी गाणी येतात. झोक्यावरची, घागर भरतानाची, विहिणीला चिडवण्याची. मी अलीकडे तिच्याकडून ती उतरवून घेते आहे. काही गाण्यांच्या मधल्या ओळी तिला आठवत नाहीत. ती थांबते, जात्यावर बसल्यासारखा हात फिरवते, आणि कधी कधी हातामुळे ओळ येते. त्या सिनेमाने मला आवाज दिला आणि फुईचा घेतला, असं एके काळी माझ्या मनात होतं. आता तेही पुरतं पटत नाही. ती गाणी गाणारीच बाई त्या टॉकीजमध्ये मांडी घालून बसली होती, आणि तिला तिथून जे हवं होतं ते गाण्यांत कुठेच नव्हतं. मी उतरवलेल्या गाण्यांत सासर आहे, सासू आहे, मारणारा नवरा आहे, मेलेली बहीणही आहे. पण बहिणीच्या जागी जायला नको म्हणणारी मुलगी एकाही गाण्यात मला सापडलेली नाही.

बऱ्याच उशिरा मला कळलं की ही गोष्ट हा सिनेमा काढणाऱ्या राजश्रीवाल्यांनी आधीही केली होती. 1982 चा 'नदिया के पार'. उत्तर प्रदेशातलं खेडं, बैलगाडी, नदी, गुंजा आणि चंदन. तिथेही थोरली जाते, तिथेही धाकटीला भाऊजींच्या गळ्यात घालायचं ठरतं, आणि तिथेही ऐन वेळी खरं काय ते कळून ते लग्न थांबतं. त्याचं मूळ केशव प्रसाद मिश्र यांच्या 'कोहबर की शर्त' या हिंदी कादंबरीत आहे. कादंबरीत मात्र लग्न थांबत नाही. गुंजा थोरल्या भावाला दिली जाते, आणि तिथून पुढचं सगळं दुःखाचं आहे. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला गॅस बंद करून खाली बसावं लागलं. म्हणजे जे खरोखर घडतं ते कादंबरीत लिहिलेलं होतं, आणि सिनेमावाल्यांनी, एकदा सोडून दोनदा, ते बदललं.

त्या बदलावर हसणारे पुष्कळ आहेत. कुत्र्याने चिठ्ठी पोचवणं, देवाची मूर्ती, योगायोग. माझी भाची सिनेमाचा अभ्यास करते. ती म्हणते की त्यात मोठ्यांना कोणी एक शब्दही बोलत नाही, मुलगी तोंड उघडत नाही, सगळं आज्ञाधारक, सगळं साजूक तुपातलं. तिचं म्हणणं खरं आहे. निशाने सरळ नाही म्हणायला हवं होतं, हे मला पंधराव्या वर्षीही वाटलं होतं. पण त्या टॉकीजमध्ये जेवढ्या बाया होत्या, त्यांच्यातल्या एकीलाही नाही म्हणता आलं नव्हतं. तोंड उघडणारी मुलगी त्यांना कदाचित परकी वाटली असती. त्यांच्यासारखीच गप्प राहिलेली मुलगी, आणि तरी वाचली, हे त्यांना पाहायला मिळालं. भाचीशी मी यावर भांडते आणि भांडत राहणार आहे.

केबल आल्यावर तो सिनेमा वरचेवर लागायचा. फुई पूर्ण बघायची नाही. कामं चालू ठेवायची, गाणी कानावर घ्यायची, आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहिली की पदराला हात पुसत येऊन टीव्हीसमोर बसायची. चिठ्ठी पोचली की उठायची. दाजी असतानाही असंच, ते गेल्यावरही असंच. दादाला ठाऊक होतं. तो सुट्टीला आलेला असला आणि सिनेमा लागला, तर तो आवाज वाढवून तिला हाक मारायचा आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा.

लग्नाच्या त्या गडबडीनंतर, पाहुणे पांगल्यावर, मी फुईजवळ बसले होते. तिच्या पायांना सूज होती, मी तेल लावत होते. मनात तेच घोळत होतं, म्हणून विचारलं. एवढी वर्षं विचारलं नव्हतं. म्हटलं, फुई, तुझ्याकडे तसा कुत्रा असता तर तू चिठ्ठी कोणाला लिहिली असतीस? ती माझ्याकडे बघून हसली, अगदी मोकळं. म्हणाली, "कोनी नव्हतं व पोरी. शाळा व्हती."

मग तिने सांगितलं. ती सातवीला होती. फायनलचे पेपर तालुक्याला जाऊन दिले होते. गुरुजी म्हणाले होते की ही पोरगी मास्तरीण होईल, त्या काळी सातवी फायनल झालेल्यांना शिकवायची नोकरी मिळायची. निकाल लागायच्या आत लग्न झालं. निकाल लागला असणार, पण आणायला कोणी गेलं नाही, आणि सासरी कोणाला विचारावं असं ते नव्हतं. तिला गणिताचा पेपर अजून आठवतो. एक उदाहरण व्याजाचं होतं, ते बरोबर आलं की नाही याची तिला अजून खात्री नाही. तिने मला ते उदाहरण सांगितलं, मुद्दल, दर आणि मुदतीसकट, आणि आम्ही दोघींनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर ते सोडवलं.

गावची ती शाळा आता नव्या इमारतीत आहे, पण जुनी रजिस्टरं हेडमास्तरांच्या कपाटात असतात असं कळलंय. दादाला फोन केला तर तो म्हणाला, मी येतो, गाडी माझी. आखाजीच्या आधीच जायचं ठरवलंय, कारण नंतर शाळेला सुट्टी लागेल.